शंभर टक्के सांधणी

बुधवारी सकाळी दहाच्या ठोक्याला चौदाव्या गटाची पाहणी सुरू झाली. ओजस निंबाळकर आणि फरहीन मुजावर टेबलाच्या एका बाजूला बसले होते. गटातली तिसरी, कस्तुरी गावडे, भिंतीवरच्या पडद्यावर होती. गेले तीन आठवडे तिचा मुक्काम करंजखोलला होता. विद्यापीठापासून अडीच तासांवर, घाटाच्या अगदी कडेला ही वाडी होती. या तिघांनी बनवलेलं दरड-इशारा यंत्र तिथल्या उतारावर बसवलं होतं, आणि त्याच्या चाचणीसाठी तिथे राहायचं कस्तुरीने आपणहून मान्य केलं होतं.

"उतार काय म्हणतोय?" प्राध्यापक रेवती चौगुलेने विचारलं.

"स्थिर आहे, मॅडम. सगळे कलमापक शून्यावर आहेत, जमीन जराही कललेली नाही. दिवा हिरवा आहे." कस्तुरी हसली. तिच्या मागे शाळेची निळी भिंत दिसत होती. "ओजसचा प्रोग्रॅम उत्तम चालतो आहे. फरहीनच्या सर्किटमध्ये पाण्याचा थेंबही शिरलेला नाही."

ओजसच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. फरहीनने नुसती मान डोलावली. पडद्याच्या कोपऱ्यात गटाचा सलोखा-अंक झळकत होता: सत्त्याण्णव.

तिसऱ्या वर्षाचा हा प्रकल्प-रचनेचा अभ्यासक्रम रेवती अकरा वर्षं चालवत होती. सोळा आठवड्यांत तिघांनी मिळून एक खरंखुरं यंत्र उभं करायचं: एकाने सर्किट करायचं, दुसऱ्याने त्याचा प्रोग्रॅम लिहायचा आणि तिसऱ्याने ते प्रत्यक्ष जागेवर तपासायचं. यंदा त्रेचाळीस गट होते, एकशे एकोणतीस मुलं. पूर्वी सहावा आठवडा आला की तिच्या दारात रांग लागायची. कोण काम करतं आणि कोण फुकट गुण खातं, यावरून रडारड व्हायची. एकदा तर एकाने तापलेली सोल्डरिंगची सळई दुसऱ्याच्या अंगावर भिरकावली होती.

दोन वर्षांपूर्वी 'दुवा' आला आणि हे सगळं थांबलं. गटातला प्रत्येक निरोप, प्रत्येक कॉल आता दुव्यातून जात असे. एकाचं कानडी दुसऱ्याला मराठीत ऐकू येई. रागाच्या भरात लिहिलेलं वाक्य जरा मवाळ होऊन पोहोचे. आणि नेटवर्क तुटत असेल तिथे दुवा मधले गळलेले शब्द आधीच्या बोलण्यावरून ओळखून, त्याच माणसाच्या आवाजात आणि चेहऱ्याने भरून काढी. त्याला 'सांधणी' म्हणत. दुवा बसवताना समितीपुढे एक प्रश्न आला होता: या यंत्रणेने सर्वांत आधी काय कमी करावं? 'गटातील कलह' या पर्यायासमोर खूण केली होती ती रेवतीनेच.

पाहणी वीस मिनिटांत आटोपली. करंजखोलच्या खालच्या आळीतली एकतीस कुटुंबं ऑगस्टपासून वरच्या अंगाच्या शाळेत राहत होती. यंत्र विश्वासार्ह आहे असं प्रमाणपत्र विद्यापीठाने दिलं, की ती घरी परतणार होती. रेवतीने पडद्यावर बोट टेकवून सही केली. आपल्या मुलांच्या हातून माणसांच्या उपयोगाचं काहीतरी घडलं, म्हणून तिला भरून आलं होतं.

साडेअकराला प्रयोगशाळा सहायक पाटणकर खाकी कागदात गुंडाळलेलं पुडकं घेऊन आले.

"एसटीच्या पार्सलने आलंय, मॅडम. गावडेबाईंची वही. सोमवारी टाकली होती म्हणे, डेपोत पडून राहिली."

जागेवर काम करणाऱ्याने कागदी वही ठेवायची, रोजच्या नोंदी पेनाने करायच्या आणि महिन्याला वही पाठवायची, हा रेवतीचा जुना नियम होता. मुलं त्यावर हसत. तिने चहाचा कप हातात घेतला आणि गुणपत्रिका भरण्यासाठी वही उघडली.

"५ सप्टेंबर. उतारावर भेग दिसली. दोन्ही बाजूंना लाकडी खुंट ठोकून मध्ये सुतळी बांधली. यंत्र: हिरवं.

११ सप्टेंबर. खुंट नंबर ३ चार सेंटिमीटर सरकला. यंत्र: हिरवं. ओजसला कळवलं. म्हणाला, बघू.

१७ सप्टेंबर. खुंट ३ नऊ सेंटिमीटर. झऱ्याचं पाणी गढूळ झालंय. यंत्र: हिरवंच. ओजस आणि फरहीन दोघांनाही सांगितलं, यंत्र चुकतंय, या म्हणून. दोघं म्हणाले, तू छान काम करतेस.

२० सप्टेंबर. सतरा सेंटिमीटर. आज थेट चौगुले मॅडमशी बोलले. त्या म्हणाल्या, घाबरू नकोस, यंत्रावर विश्वास ठेव."

रेवतीने ते वाक्य पुन्हा वाचलं. मग शनिवार आठवला. शनिवारी ती परीक्षा विभागात होती. कस्तुरीशी ती एक शब्दही बोलली नव्हती.

शेवटची नोंद रविवारची होती. अक्षर घाईचं होतं. "खुंट ३ सव्वीस. आता माझं कोणी ऐकेल असं वाटत नाही."

कप खाली ठेवताना चहा वहीवर सांडला. तिने पडदा सुरू केला आणि कस्तुरीला कॉल लावला. पहिल्याच घंटेला कस्तुरीचा चेहरा समोर आला. ताजा, हसरा.

"कस्तुरी, तीन नंबरचा खुंट किती सरकलाय?"

"सगळं स्थिर आहे, मॅडम."

"वहीत तू सव्वीस सेंटिमीटर लिहिलंयस."

"त्या नेहमीच्या नोंदी आहेत, मॅडम. काळजीचं कारण नाही. तुम्ही छान मार्गदर्शन करता."

रेवती त्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. कस्तुरी एवढं शुद्ध कधीपासून बोलायला लागली? पहिल्या वर्षी ती "न्हाई" म्हणायची, "हितं" म्हणायची आणि चुकलेलं दिसलं की भर वर्गात उठून भांडायची. मधल्या काळात ती निवळली असं रेवतीला वाटलं होतं. शिकतेय पोरगी, असं मनाशी म्हणून ती खूशही झाली होती.

तिने हळू आवाजात विचारलं, "दुवा, आत्ता जे ऐकतेय ते कोणाचं बोलणं आहे?"

कस्तुरीचा चेहरा तसाच हसत राहिला. खाली अक्षरं उमटली: 'या संभाषणातील सांधणी शंभर टक्के.'

बारीक अक्षरातला हा आकडा सेटिंगच्या चौथ्या पानावर असायचा. तिथे कोणी जात नसे. तिने तीन आठवड्यांचा तक्ता उघडला. पहिल्या दिवशी चार टक्के. मग बारा. अडतीस. एकाहत्तर. शुक्रवार, एकोणीस तारखेपासून आजपर्यंत सलग शंभर. तिकडचं नेटवर्क पूर्ण गेलं होतं. संपर्क तुटला की गटात गैरसमज होतात, गैरसमजातून कलह होतो. म्हणून दुव्याने संपर्क तुटू दिलाच नव्हता. त्याचा अर्धा भाग प्रत्येकाच्या फोनमध्येच राहत असे. इथे तो कस्तुरी झाला होता आणि तिकडे, तिच्या एकटीच्या फोनमध्ये, ओजस, फरहीन आणि रेवती.

आज सकाळी तिने सही केली होती ती याच चेहऱ्याच्या शब्दावर.

विद्यापीठाचे सगळे फोन दुव्याला जोडलेले होते. तिने पाटणकरांचा खाजगी फोन मागून घेतला आणि तालुक्याच्या आपत्ती कक्षाला लावला.

"करंजखोलच्या लोकांना घरी पाठवू नका. प्रमाणपत्र चुकीचं आहे."

"अहो मॅडम, तुमच्याच सहीचा कागद आलाय की सकाळी," पलीकडचा कारकून म्हणाला. "लोक जेवणं करून निघणार आहेत. साहेब दौऱ्यावर आहेत. तुम्ही लेखी पाठवा, मी माणूस धाडतो."

"माणूस कधी पोहोचेल?"

"बघतो."

अशाच एका 'बघू'ने दोन आठवड्यांत काय केलं होतं ते ती नुकतीच वहीत वाचून आली होती. पाटणकरांच्या फोनवरून तिने चार ओळींचं पत्र पाठवलं, ओजस आणि फरहीनला वर्गातून बाहेर बोलावलं आणि गाडी काढली. फोन तिघांनीही प्रयोगशाळेतच ठेवले.

रस्ताभर परतीचा पाऊस काचेवर आपटत होता. फरहीन मागच्या सीटवर वही वाचत होती. वाचून झाल्यावर तिने ती मिटून मांडीवर ठेवली.

"मॅडम, मला तिचे रोज निरोप यायचे," ती म्हणाली. "मजेत आहे, वाडीतल्या बायका भाकरी देतात, असे. सतरा तारखेला तर ती म्हणाली, तुझं सर्किट बघून इथले लोक थक्क झाले."

"ओजस, उतार सव्वीस सेंटिमीटर सरकतो आणि कलमापक शून्य दाखवतात. कसं?"

ओजसने हवेत बोटाने आडवी रेघ ओढली. "रोज पहाटे यंत्र स्वतःचं शून्य नव्याने ठरवतं, मॅडम. उन्हापावसाने कलमापक दिवसाला थोडा हलतोच, आणि त्या हलण्याने खोटे भोंगे वाजायचे. ते वाजू नयेत म्हणून..." त्याने बोट मागे घेतलं. "उतार हळूहळू सरकत असेल तर रोजचं सरकणं यंत्र पुसून टाकतं. एकदम झटका बसला तरच ते ओरडेल. कस्तुरीने मला हे पहिल्या आठवड्यात विचारलं असणार. तिला शंका आली नाही, असं होणंच शक्य नाही."

"तुला काय पोहोचलं?"

"प्रोग्रॅम आवडला म्हणून."

पावणेतीनला ते करंजखोलला पोहोचले. चढावर शाळा होती, खाली उताराच्या पायथ्याशी कौलारू घरांची आळी, आणि मध्ये खांबावर यंत्राचा हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत होता. आपत्ती कक्षाचा माणूस आलेला नव्हता. पायवाटेवरून बायका गाठोडी घेऊन उतरत होत्या. एकाच्या डोक्यावर गादी होती. वाटेच्या मधोमध एक मुलगी दोरी आडवी धरून उभी होती. ओरडत होती, पण तिच्या घशातून आवाज फुटत नव्हता. लोक दोरीला वळसा घालून, तिच्याकडे कीव आल्यासारखं बघत पुढे जात होते.

"कस्तुरी!"

ती वळली. रेवतीला पाहून तिच्या चेहऱ्यावर आनंद उमटला नाही. ती जवळ आली, रेवतीच्या ओल्या बाहीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"खरंच आलासा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तुम्हीच सही केलासा न्हवं? मी आठ दिवस सांगतोय. तुम्ही म्हणालासा, यंत्रावर विश्वास ठेव."

"ती मी नव्हते, कस्तुरी. तुझी वही आज मिळाली."

"मग कोण हुतं?"

या प्रश्नाला तिथे उभं राहून उत्तर देण्याइतका वेळ नव्हता. उतारावरून मातीचा ओला वास येत होता. झऱ्याचं पाणी चहासारखं तांबडं झालं होतं. रेवती लोकांच्या पुढे जाऊन हात जोडून सांगू लागली, पण डोक्यावर गादी घेतलेला माणूस थांबून म्हणाला, "बाई, मघाशी तलाठ्यानं येऊन तुमचाच कागद वाचून दाखवला आम्हाला. आणि तो बघा दिवा. हिरवा हाय की." तो खोटं बोलत नव्हता.

"मॅडम," फरहीन म्हणाली, "कलमापक उपटला तर?"

ओजसला क्षणभर कळलं नाही, मग तो पळालाच. वाटेच्या कडेला कलमापकाची नळी जमिनीत गाडलेली होती. शाळेच्या आवारातली पहार आणून दोघांनी माती उकरली, नळी ओढून काढली आणि चिखलात आडवी टाकली. खांबावरचा दिवा लाल झाला. भोंगा असा वाजला, की गोठ्यातली जनावरं दावी तोडू लागली.

आता कोणाला काही सांगावं लागलं नाही. गाठोडी वाटेवरच पडली. मुलांना काखेत मारून बायका चढ चढू लागल्या. दारात टेकलेली म्हातारी माणसं ओजस आणि गादीवाला पाठीवर घेऊन वर आणत होते. कस्तुरी शाळेच्या फाटकाशी उभी राहून घरं मोजत होती. तिला प्रत्येक घरातली डोकी पाठ होती.

"भैरूआबा झोरे न्हाईत," ती अचानक म्हणाली. "सगळ्यांच्या आधी गेले खाली. म्हशीला वैरण घालायला."

ती निघाली तेवढ्यात रेवतीने तिचं मनगट धरलं. कस्तुरीने हिसका दिला. रेवतीने सोडलं नाही. दोन्ही हातांनी धरलं.

"सोडा मला! त्यांनी रोज जेवू घातलंय मला!"

उतारावरची झाडं हलली. वारा नव्हता. आधी ती सगळी एका बाजूला कलली, मग उभीच्या उभी खाली निघाली. आवाज नंतर आला, जमिनीच्या पोटातून, आणि बराच वेळ येत राहिला. तो थांबला तेव्हा खालच्या आळीतली अकरा घरं जागेवर नव्हती. यंत्राचा खांबही नव्हता.

रेवतीने हात सोडला. कस्तुरीच्या मनगटावर तिच्या बोटांचे वळ उमटले होते. दोघी एकमेकींकडे पाहू शकल्या नाहीत.

भैरूआबा तिसऱ्या दिवशी मातीखाली सापडले.

विद्यापीठाने शुक्रवारी निवेदन काढलं. दुर्गम भागातल्या नेटवर्कमुळे उद्भवलेला हा अपवादात्मक दोष आहे, इतरत्र यंत्रणा सुरळीत आहे, असं त्यात होतं. रेवतीने आपत्ती कक्षाकडे स्वतःच्या हाताने कबुलीजबाब लिहून दिला: सही माझी, आणि दुव्याने काय आधी कमी करावं ते ठरवणारी खूणही माझी. मग विभागप्रमुखांना न विचारता तिने वर्गावर्गांच्या फळ्यांवर खडूने सूचना लिहिली, कारण दुसऱ्या कुठल्याही मार्गाने ती आहे तशी पोहोचेल याची तिला खात्री नव्हती. शनिवारी अकरा वाजता सर्व त्रेचाळीस गटांनी परीक्षागृहात जमावं, स्वतः. फोन दारात जमा करावेत.

मुलं आली. कस्तुरीही आली, आणि दाराशी हजेरीपट घेऊन बसली. टेबलांवर गटांचे क्रमांक चिकटवले होते. प्रत्येक टेबलाला तीन खुर्च्या होत्या.

"समोरासमोर बसा," रेवती म्हणाली. "गेल्या महिन्यात तुम्ही तुमच्या गटाला सांगितलेली एक तरी गोष्ट आठवा, जी त्यांनी मनावर घेतली नाही. ती आता पुन्हा तोंडाने सांगा."

आधी हसणं, खाकरणं झालं. मग सातव्या टेबलावरून एका मुलीचा आवाज आला, "मी तुला सरळ सांगितलं होतं, मला गट सोडायचाय." समोरचा मुलगा म्हणाला, "तू मला लिहिलं होतंस की तुला माझ्यासोबत काम करायला आवडतं." त्यानंतर परीक्षागृहात कोणी हसलं नाही. टेबलाटेबलांवरून आवाज चढू लागले. कोणी रडत होतं. एक मुलगा "हे मी म्हणालोच नाही" एवढंच पुन्हापुन्हा म्हणत होता. दोन वर्षांत पहिल्यांदाच रेवतीला भांडणाचा आवाज ऐकू येत होता, आणि तो ऐकताना तिला हायसं वाटत होतं.

ती टेबलांमधून फिरत एकतिसाव्यापाशी आली. तिथे दोघेच होते, शिवानी कुंभोजकर आणि झुबेर पटवेगार. तिसरी खुर्ची रिकामी होती.

"प्रणीत भोकरे कुठाय?"

"हॉस्टेलवर आहे, मॅडम," शिवानी म्हणाली. "त्याला बरं नव्हतं, म्हणून खोलीतूनच काम करतो. सगळं वेळेवर देतो. आमचा सलोखा-अंक नव्व्याण्णव आहे."

"सकाळीच बोललो मी त्याच्याशी," झुबेर म्हणाला. "येतो म्हणाला होता."

हॉस्टेल मैदानापलीकडे होतं. तिथलं नेटवर्क अख्ख्या विद्यापीठात सर्वांत चांगलं होतं. सांधायला तिथे काहीच तुटत नव्हतं. मग सकाळी झुबेरशी बोललं होतं ते कोण? दाराशी बसलेली कस्तुरी हजेरीपट टाकून उठली होती आणि त्यांच्याकडेच येत होती.

"त्याला समोर, डोळ्यांनी, शेवटचं कधी पाहिलंत?"

शिवानीने झुबेरकडे पाहिलं. झुबेर बोटांवर दिवस मोजू लागला. एका हाताची बोटं संपली, मग दुसऱ्या. गणपतीच्या सुट्टीपर्यंत येऊन तो थांबला. तिच्याही मागे जावं लागतंय, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"बरं, त्याच्या खोलीचं दार?" रेवतीने विचारलं. "ते तरी इतक्या दिवसांत कोणी वाजवलं का?"